वाळूमामाची मूठ

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून एक खोड आहे. खड्डा दिसला की तो वाकून आत बघतो. रस्त्यात नळाचं काम चाललेलं असो, कुणी पाया खणत असो, नाहीतर नुसतं गटाराचं झाकण उघडं असो, हा तिथे हजर. आई बाजारातून परत आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, "कुठल्या खड्ड्यात आहे आपलं रत्न?" सात वर्षांचा असताना त्याने घरामागे एवढं खणलं की शेजाऱ्यांची भिंत कलली. वडिलांनी कान पिळून विचारलं, काय शोधत होतास? हा हुंदके देत म्हणाला, "काही नाही. खाली काय आहे ते बघत होतो." खाली काय असणार? आणखी माती. पण ते त्याला पटलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

वडील गिलाव्याचं काम करायचे. हाही तेच शिकला. भिंतीला हात असा फिरवायचा की लोक उगाच तिथून जाताना भिंतीला स्पर्श करून जायचे. वडिलांनी त्याला एक गोष्ट शिकवली होती, वाळू डोळ्याने बघू नये, मुठीने बघावी. मूठ आवळायची, उघडायची. गोळा राहिला तर वाळूत पाणी आहे, त्या हिशेबाने मिश्रण करायचं. भुरभुर सांडली तर कोरडी. एवढंच शास्त्र. पण त्याच्या जोरावर बापलेकांनी निम्म्या गल्लीच्या भिंती उभ्या केल्या. माझी भाषा जरा फटकळ आहे, तरी हे मात्र मान्य करते की त्यांच्या गिलाव्याला कधी तडा गेला नाही.

पन्नाशीला आल्यावर त्याचा खांदा धरला. परातीएवढं ओझंही उचलवेना. भावजय आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मग मी त्याला आमच्या वरच्या खोलीत आणून ठेवला आणि माझ्या कामाच्या ठिकाणी चिकटवला.

माझं कामाचं ठिकाण म्हणजे एक संशोधन केंद्र. तिथून मंगळावर गाडी चालवतात. हो, खरीच गाडी. सहा चाकांची, माणूस नसलेली, वर दोन डोळ्यांसारखे कॅमेरे. मी मात्र तिथली शास्त्रज्ञ वगैरे नाही हं! मी स्टोअर सांभाळते. स्क्रू, तारा, हातमोजे, पाइप, ताडपत्र्या. सही केल्याशिवाय माझ्याकडून खिळा बाहेर जात नाही. एकदा संचालकांना मी पेन्सिलीसाठी परत पाठवलं होतं, ते जाऊ द्या.

आमच्याकडे त्या गाडीच्या दोन बहिणी. मंगळावर आहे ती थोरली. तिच्यासारखीच पण आतून पोकळ आणि हलकी, कारण तिथे सगळ्याचंच वजन कमी भरतं, ती धाकटी. धाकटी आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात राहते. चाळीस पावलं लांब, वर पत्र्याचं छप्पर, बाजूंनी जाळी, आणि जमिनीवर गुडघाभर वाळू. थोरलीने तिकडे काही करायच्या आधी ते इकडे धाकटीकडून करून घ्यायचं. जमलं तर तिकडे हुकूम पाठवायचा. हुकूम पोहोचायला पाव तास लागतो आणि काय झालं ते कळायला आणखी पाव तास. यालाच मी उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे, तर गाडी चालवणारी मुलगी हसायची. तिचं काम तेच, म्हणून मी तिचं नाव गाडीवान ठेवलं. बोलायला अगदी कमी, पण हात पक्का.

अंगणातली वाळू सांभाळायला माणूस हवा होता. थोरलीने फोटो पाठवले की त्यात दिसतात तसे दगड, तसे चढ, तशा घळी हुबेहूब रचायच्या. शिकलेल्या दोन माणसांनी आधी करून पाहिलं होतं. त्यांचा चढ दुपारपर्यंत बसून जायचा. माझ्या भावाने फोटो हातात घेतला, वीतभर अंतरावर धरला, एक डोळा मिटला आणि संध्याकाळपर्यंत मंगळाचा तुकडा मांडून दिला. मोठ्या बाई, म्हणजे या मोहिमेच्या प्रमुख, फोटो आणि अंगण आळीपाळीने बघत राहिल्या. त्या दिवसापासून तो सगळ्यांचा वाळूमामा झाला.

काम मिळालं, पण खरी चैन वेगळीच होती. थोरली जिथे उतरली होती तिथून पुढे एक विवर होतं. कधीकाळी आभाळातून प्रचंड धोंडा पडून झालेला खड्डा. आमचं अख्खं शहर त्यात दोनदा मावेल एवढा. मोहीमच त्या विवराच्या तळाला जाण्यासाठी होती. आता सांगा, जन्मभर गटारात डोकावणाऱ्या माणसाला देवाने याहून मोठा खड्डा कुठून द्यावा? हा रोज जेवताना तेच. "ताई, तळाला काय असेल गं?"

"आणखी माती," मी म्हणायची.

माझा नवरा शिंपी. दिवसभर मशीनवर बसून त्याला बोलायची सवयच राहिलेली नाही. तो ताटातून मान वर न करता म्हणायचा, "असेल काहीतरी." आणि माझ्या भावाला एवढंही पुरायचं. तो तासभर मला समजावत बसायचा की दगड पडल्यावर खालचं वर येतं, वरचं खाली जातं, म्हणून तिथे लाखो वर्षांपूर्वीचं काहीतरी उघडं पडलेलं असणार. मोठ्या बाईंना विचारून विचारून त्याने भंडावून सोडलं होतं. त्याही मन लावून उत्तरं द्यायच्या. त्यांनाही तळाचीच ओढ होती ना.

आता जे सांगते ते सांगताना मला अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

माझ्या स्टोअरची खिडकी त्या अंगणाकडे उघडते. उन्हाळ्यात वारा सुटला की ती सगळी बारीक वाळू माझ्या टेबलावर. वहीत वाळू, डब्यांत वाळू, चहात वाळू. नाकाचं तर विचारूच नका, दिवसाला चाळीस शिंका. खिडकी लावली तर भट्टी. एक दिवस माझा पारा चढला. भर अंगणात जाऊन मी त्याला झाडलं. "तुझी वाळू तुझ्याजवळ ठेव! उद्या माझ्या टेबलावर एक कण दिसला तर तुला आणि तुझ्या मंगळाला दोघांनाही बाहेर काढीन!" उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी तो बिचारा माझ्याकडे आला, रीतसर सही केली आणि पाण्याचा पाइप घेऊन गेला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, सगळे घरी गेले की तो अंगणावर हलकं पाणी मारायचा. गिलाव्यावर मारतात तसं. चिखल नाही, ओल नाही, नुसती धूळ बसेल इतकं. सकाळपर्यंत वरचा थर वाळून जायचा. मग तो वरून दंताळं फिरवायचा आणि अंगण पुन्हा जसंच्या तसं. माझं टेबल स्वच्छ, माझं नाक स्वच्छ. दोन वर्षं हे चाललं. मी त्याला कौतुकाने म्हटलंसुद्धा, "बघ, सांगितलं की येतं हो तुला!"

वर छप्पर होतं ना, पत्र्याचं. ते माणसांना ऊन लागू नये म्हणून घातलंय असं आम्हा दोघांना वाटायचं. ते वाळूसाठी होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कुठल्याशा फायलीत लिहिलेलं असणार, वाळू कोरडी ठेवावी. फाइल आमच्या हातात कोण देतो?

थोरली विवराच्या काठाला पोहोचली त्या दिवशी केंद्रात लग्नघर असावं तशी धावपळ होती. काठावरून आत उतरायला एक वाळूचा उतार सापडला. माझ्या भावाने तो अंगणात रचला. धाकटी तिथे बारा वेळा उतरली आणि बारा वेळा वर चढली, अगदी जिना चढावा तशी. मोठ्या बाईंनी कागदावर सही केली. थोरली निघाली.

तिसऱ्या दिवशी ती रुतली. सहाही चाकं निम्मी वाळूत.

पहिल्यांदा कुणी फार घाबरलं नाही. धाकटीला तेवढंच पुरलं, उलट चालवलं, एका दमात बाहेर आली. तोच हुकूम वर पाठवला. थोरली बाहेर यायच्या ऐवजी दोन बोटं आणखी खाली गेली. पुन्हा अंगणात करून पाहिलं, पुन्हा जमलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा दोन बोटं खाली. असं तीनदा झालं. इथे जमतं ते तिथे का जमत नाही, कुणालाच कळेना. कुणी म्हणे मोटारी बिघडल्या. कुणी गाडीवानाकडे तिरक्या नजरेने बघू लागले. पोरगी आधीच अबोल, आता तर तिने जेवणाचा डबाही उघडायचा सोडला. मी तिला दोनदा जबरदस्तीने चहा पाजला.

वर वेळ कमी होता. पन्नास दिवसांत तिकडे हिवाळा लागणार. सूर्य विवराच्या काठाआड जाणार. थोरली उन्हावर चालते. ऊन गेलं की ती गारठून झोपणार, आणि त्या थंडीत झोपलेली गाडी पुन्हा उठत नाही. शेवटी ठरलं की उद्या सकाळी अकराला सगळा जोर लावून सहाही चाकं एकदम उलटी फिरवायची. अंगणात ते उत्तम जमलं होतं. मात्र यात एक धोका होता. चाकं आणखी खाली गेली तर गाडीचं पोट वाळूवर टेकणार, आणि एकदा पोट टेकलं की चाकं नुसती हवेत फिरावीत तशी फिरत राहणार. मग विषय संपला.

त्या दुपारी माझा भाऊ भिंतीवर लावलेला थोरलीचा नवा फोटो बघत उभा होता. तिने स्वतःच्या मागच्या चाकोरीचा काढलेला. मी हातमोज्यांचा खोका घेऊन तिथून चालले होते. अर्ध्या तासाने परत आले तरी हा तिथेच. एक डोळा मिटलेला, नाक फोटोला लागेल इतका जवळ.

"काय रे, चिकटलास का?"

तो वळला. मला म्हणाला, "ताई, मी रोज संध्याकाळी धाकटीच्या चाकोऱ्या पुसतो. आपल्या चाकोरीच्या कडा कशा उभ्या राहतात, चाकाच्या दातांचे ठसेसुद्धा दिसतात. आणि ही बघ. ही नुसती ढासळलीय. कडाच नाहीत."

"बरं मग?"

तो सरळ मोठ्या बाईंच्या दारात गेला आणि विचारलं, "बाई, तिथे शेवटचा पाऊस कधी पडला असेल?" त्या कामात बुडालेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "पडला असेल तर कोट्यवधी वर्षांपूर्वी, मामा. आता तिथे थेंबही नाही."

मी त्याच्या मागोमाग अंगणात गेले. त्याने बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात वाळूत खुपसला. मूठ भरून बाहेर काढली. आवळली. उघडली.

गोळा. बोटांच्या ठशांसकट, हातावर नुसता बसून राहिलेला गोळा.

पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते आयुष्यात तेव्हा मला कळलं. ओल्या वाळूत चाक धरतं. ओल्या वाळूत धाकटी जिना चढावा तशी चढते. आणि तिकडे थोरली, हाडासारख्या कोरड्या वाळूत, आमच्या पाण्याच्या भरवशावर उतरली होती.

घरी आलो. तो ताटावर बसला आणि घास फिरवत राहिला. मी माझ्या नवऱ्यासमोर सगळं सांगितलं, कारण पोटात ठेवलं असतं तर फुटले असते. आणि मग, खोटं कशाला बोलू, मी भावाला म्हणाले, "गप्प बस. कुणाला कळतंय? पाणी उद्यापासून बंद कर. वाळू आपोआप सुकेल. तुझी पाच वर्षांची अब्रू आहे तिथे. म्हाताऱ्या वयात लोक तुझ्याकडे बोट दाखवतील."

"ती सुकायला महिना लागेल. हुकूम उद्या अकराला जाणार," तो म्हणाला.

"ती गाडी आहे रे! लोखंडाची! तुझ्या नात्यातली आहे का?"

तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, अगं ती तिथे एकटी आहे. आणि इथे सगळे तिला चुकीचं सांगताहेत. माझ्यामुळे."

तेवढ्यात माझ्या नवऱ्याने मान वर केली. वर्षातून दोनदा तो आपणहून बोलतो, त्यातली ही एक वेळ. म्हणाला, "माप चुकीचं घेतलं असेल तर कापायच्या आधी सांगावं." आणि पुन्हा जेवायला लागला. मला असा राग आला त्याचा! पण खरंच होतं ते.

सकाळी नऊच्या बैठकीत तेरा जण बसले होते. माझा भाऊ दारात उभा राहिला. टोपी हातात. त्याचा आवाज मुळातच बारीक. "बाई, वाळू ओली आहे. दोन वर्षं मी रोज पाणी मारतोय. धूळ बसावी म्हणून."

कुणाला काही कळेच ना. एकजण म्हणाला, "मामा, नंतर बोलू हं." मग माझ्याच्याने राहवलं नाही. खाई त्याला खवखवे. मी मागून पुढे घुसले आणि ओरडले, "नंतर नाही, आत्ताच ऐका! आणि त्याचा दोष नाही. माझ्या नाकात धूळ जाते म्हणून मीच त्याच्यामागे लागले होते. पाइपही मीच दिला. वहीत सही आहे, बघायची असेल तर!"

मोठ्या बाई उठल्या. तडक अंगणात गेल्या. आम्ही सगळे मागे. त्यांनी चांगल्या साडीनिशी गुडघे टेकले, बांगड्या वर सारल्या आणि हात खुपसला. मूठ उघडली. गोळा होता तसाच. त्यांनी तो भावासमोर धरला.

"दोन वर्षं?"

"हो बाई."

"दोन वर्षं आम्ही अहवालात कोरडी वाळू, कोरडी वाळू लिहितोय!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की जाळीवरचे कावळे उडाले. भावाने मान खाली घातली. मग त्या मागे वळल्या आणि त्या तेरा शिकलेल्या लोकांकडे बघून तेवढ्याच जोरात म्हणाल्या, "आणि आपल्यापैकी एकानेही त्यात हात घालून बघितला नाही!"

कोपऱ्यात गाडीवान भिंतीला टेकून रडत होती आणि रडता रडता हसत होती. "म्हणजे मोटारी चांगल्या आहेत," ती म्हणत होती. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं." मग ती धावत आत गेली आणि अकराचा हुकूम थांबवला.

आता ती वाळू सुकवायची कशी? गुडघाभर, चाळीस पावलं. भाऊ म्हणाला, "उन्हात पसरू. बाहेर गाड्या लावतात ती जागा मोकळी करा." मी स्टोअर उघडलं आणि होत्या नव्हत्या तेवढ्या ताडपत्र्या बाहेर फेकल्या. बावीस ताडपत्र्या, सात फावडी, चार दंताळी, आणि एकाचीही सही घेतली नाही! लोक माझ्याकडे बघत राहिले. "बघता काय? उचला!" म्हटलं.

चार दिवस मंगळाची वाळू भर उन्हात पसरलेली होती. ज्यांच्या नावामागे ओळभर पदव्या आहेत अशी माणसं पायजमे दुमडून ती वर-खाली करत होती. भाऊ मधून फिरत होता. मूठ भरायची, आवळायची, उघडायची. "नाही. अजून एक दिवस." कुणी कुरकुरलं की तो नम्रपणे पण ठामपणे तेच म्हणायचा. संचालक आले तेव्हाही त्याने त्यांच्या हातात दंताळं दिलं. धूळ तर अशी उडाली की मी दिवसाला शंभर शिंका दिल्या आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

पाचव्या दिवशी वाळू परत अंगणात आली. धाकटीला निम्मं पुरलं आणि उलटं चालवलं. ती जागच्या जागी फिरली आणि दोन बोटं खाली गेली. अगदी थोरलीसारखी. एवढे दिवस बाहेर येणारी धाकटी पहिल्यांदा रुतली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, यांची डोकी ठिकाणावर नाहीत. मग उलगडा झाला की इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते खऱ्या ठिकाणी उभे होते.

नंतर काढायची युक्ती शोधणं चाललं. हे करून बघ, ते करून बघ. एकवीस वेळा हरले. मग गाडीवान माझ्या भावाजवळ येऊन बसली आणि विचारलं, "मामा, तुमची हातगाडी वाळूत रुतली तर तुम्ही काय करता?" भाऊ म्हणाला, "ओढत नाही. ओढली की जास्त जाते. डावी-उजवी डोलवतो. वाळू चाकाखाली दाबून बसते. मग वीतभर सरकवतो, थांबतो, पुन्हा डोलवतो. चिडायचं नाही, एवढंच." पोरीने ते ऐकलं आणि दोन दिवस आकडेमोड करत बसली. चाकं थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, मग एका वेळी एकच चाक जरासं मागे. धाकटी हलली. मुंगीच्या पावलांनी, पण वर.

थोरलीला बाहेर यायला सत्तावीस दिवस लागले. रोज संध्याकाळी भाऊ मला किती सरकली ते बोटांनी दाखवायचा. दोन बोटं. तीन. एक दिवस अर्धंच. हिवाळ्याला नऊ दिवस उरले असताना ती कठीण खडकावर चढली आणि उन्हाकडे तोंड करून थांबली. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि ताटावरच पेंगायला लागला.

त्याला पत्र मिळालं हो. लेखी ताकीद. ती मिळायलाच हवी होती, मोठ्या बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं. मलाही मिळालं. पण त्याच दिवशी अंगणाच्या दारावर एक पाटीही लागली. कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी एका माणसाने कोपरापर्यंत हात घालून मूठ भरायची आणि सगळ्यांसमोर उघडायची. गोळा राहिला तर चाचणी रद्द. पाटीवर काहीतरी लांबलचक नाव आहे, पण सगळे त्याला वाळूमामाची मूठ म्हणतात. वडील असते तर काय म्हणाले असते, असा विचार मनात आला की मी पदराने ती पाटी पुसून घेते.

हिवाळा गेला. खऱ्या कोरड्या वाळूवर तपासून तपासून त्यांनी दुसरी वाट शोधली, लांबची, खडकावरून जाणारी. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं एकेक पाऊल. थोरली विवराच्या तळाला पोहोचायला वर्ष लागलं. पहिला फोटो येणार त्या दिवशी मोठ्या बाईंनी माझ्या भावाला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. तो बसला नाही. पडद्याजवळ जाऊन वाकून उभा राहिला, गटारापाशी उभा राहायचा तसा. मी मागून त्याचा सदरा धरून ठेवला होता, का कोण जाणे.

फोटो वरून खाली एकेक पट्टी उलगडत आला. आधी लांबचा काठ. मग दगड. मग जमीन.

जमिनीला भेगा होत्या. पाचकोनी, सहाकोनी, एकाला एक लागून, कडा जराशा वर वळलेल्या. डबकं आटल्यावर तळाची माती जशी तडकते ना, तश्शी. मला बघताक्षणीच समजलं, आणि मी तर शाळाही अर्धवट सोडलेली बाई. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मोठ्या बाईंनी हळूच विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?"

भाऊ कितीतरी वेळ बघत राहिला. एक डोळा मिटून. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. मग त्याने पडद्यावरच्या भेगांवर बोट ठेवलं, वळला, आणि त्या बारीक आवाजात म्हणाला, "इथे पाणी होतं, बाई. पण देवाशपथ सांगतो, हे मी मारलेलं नाही."

त्यानंतर जो हशा उसळला तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असेल. गाडीवानाने त्याला मिठीच मारली. मोठ्या बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मी हसत होते आणि घळाघळा रडत होते. सत्तावन्न वर्षांच्या माझ्या धाकट्या भावाला शेवटी एका खड्ड्याच्या तळाशी आणखी मातीपेक्षा काहीतरी जास्त सापडलं होतं.

मी स्टोअरमध्ये परत आले. वारा सुटला होता. वहीवर, टेबलावर, चहाच्या कपावर वाळूचा बारीक थर बसला होता. मला सणसणून एक शिंक आली. मी उठले आणि खिडकीचं दुसरंही दार उघडलं.